पुढेमामा

भूगोलाच्या बाईंचा तास अकरा वर्षं दोन माणसं मिळून घेत होती. एक बाई स्वतः, पडद्याजवळ, हातात लांब काठी घेऊन. दुसरे मामा, शाळेचे शिपाई, वर्गाच्या अगदी मागे, कॉम्प्युटरच्या टेबलाशी एका स्टुलावर. बाई पडद्यावरच्या चित्रावर काठी फिरवत बोलायच्या आणि त्या चित्राचं बोलणं संपलं की म्हणायच्या, "पुढे." मामा कळ दाबायचे. पुढची स्लाइड यायची.

बाकीचे शिक्षक पडद्यापासून कॉम्प्युटरपर्यंत स्वतःच येरझाऱ्या घालायचे. बाईंना ते जमायचं नाही. त्यांचं बोलणं एकदा लागलं की मधे तुटलेलं त्यांना खपायचं नाही. म्हणून त्यांनी प्रोजेक्टर आला त्या पहिल्याच वर्षी हेडसरांकडे शब्द टाकून मामांना आपल्या तासांपुरतं मागून घेतलं होतं. तासाला पंचवीस-तीस वेळा "पुढे", दिवसाला चार तास. मुलांनी मामांचं नाव पुढेमामा ठेवलं आणि ते इतकं रुळलं की हजेरीपुस्तक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठे उरलंच नाही.

मामा तासाच्या आधी येऊन मऊ फडक्याने प्रोजेक्टरची काच पुसायचे, वायर हलवून बघायचे, खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे. अकरा वर्षं तेच धडे ऐकून त्यांना बराच भूगोल येत होता आणि जो येत नव्हता त्याबद्दल ते मधल्या सुट्टीत बाईंना गाठायचे.

"बाई, ही हिमनदी वाहते की नाही वाहत? एकदा काय ते सांगून टाका."

"वाहते, मामा. पण डोळ्यांना दिसत नाही."

"म्हणजे आमच्या साडूसारखी. काम करतो म्हणतो, पण करताना कुणी बघितलेलं नाही."

बाई घरी जाऊन हे नवऱ्याला सांगायच्या आणि दोघं हसायचे. मामा घरी जाऊन बायकोला हिमनदी समजावून सांगायचे, हे बाईंना पुष्कळ उशिरा कळलं.

चुका कधी सुरू झाल्या ते बाईंना नीट आठवत नाही. आधी एखादी स्लाइड उशिरा यायची. मग "पुढे" दोनदा म्हणावं लागायला लागलं. कधी बाई काहीच बोललेल्या नसताना चित्र आपणहून सरकायचं. बाईंनी एकदोनदा मागे वळून डोळे मोठे केले. मामा हात वर करून "चुकलं, चुकलं" म्हणायचे. वय झालंय, असं बाईंनी मनाशी धरलं आणि कानाडोळा केला.

मग शाळेची तपासणी आली. वर्गात शेवटच्या बाकावर तपासणी अधिकारी वही उघडून बसले होते. धडा नदीचा. बाई भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून नदीचा उगम दाखवत होत्या.

"पुढे," बाई म्हणाल्या.

पडदा जागच्या जागी.

"पुढे."

काही नाही. तिसऱ्यांदा त्या वळून मोठ्याने म्हणाल्या तेव्हा मामा दचकले आणि घाईघाईने कळ दाबत सुटले. उगम गेला, दरी गेली, धबधबा गेला आणि पडद्यावर नदी एकदम समुद्राला मिळाली.

"मामा, नदी बुडाली!" मधल्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. सगळा वर्ग हसला. अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"मामा, झोपलात का?" बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

मामाही वर्गाबरोबर हसले. मग त्यांनी एकेक कळ दाबत नदी पुन्हा डोंगरावर नेऊन ठेवली.

शिक्षकांच्या खोलीत बाई पाणी पिऊनही धुमसत होत्या. गणिताचे सर नव्या यंत्रांचे शौकीन. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"बाई, शाळेत तीन टॅब येऊन पडलेत, खोक्यातून कुणी बाहेर काढलेले नाहीत. एक मागून घ्या. टॅब आणि वर्गातला कॉम्प्युटर एका वायफायवर जोडले की झालं. वायर नाही, काही नाही. टॅब हातात धरा आणि वर्गभर फिरा. बोट सरकवलं की चित्र सरकलं. मधे कुणी लागतच नाही."

"खरंच?"

"तुमचा पुढेचा जप सुटेल."

टॅबसाठी छापील अर्ज होता. कारणाच्या रकान्यात दोनच ओळी मावत होत्या. बाईंचा राग अजून निवलेला नव्हता. त्यांनी लिहिलं : स्लाइड बदलणाऱ्या सहायकाचे कामात लक्ष नसते. अध्यापनात व्यत्यय येतो. सही केली, तारीख घातली आणि अर्ज हेडसरांच्या टेबलावर ठेवून आल्या.

टॅब आठवड्याभरात मिळाला. गणिताच्या सरांनी तो जोडून दिला, कसा वापरायचा ते दाखवलं. मामांना आधी सांगावं, असं बाईंच्या मनात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा तासाची घंटा झाली.

पहिल्या दिवशी मामांनी नेहमीसारखी काच पुसली, पडदे ओढले, स्टुलावर बसून हात कळांवर ठेवले. बाईंनी पहिल्या चित्राचं बोलून घेतलं आणि टॅबवर बोट सरकवलं. पडद्यावर दुसरं चित्र आलं.

मामांनी विंचू चावल्यासारखे हात उचलले. "बाई, मी हात नाही लावला!"

मुलं खदखदून हसली. बाईंनी टॅब उंच धरून दाखवला. "मामा, आता हे इथूनच होणार. तुम्ही नाही, मीच बदलते."

मामांनी टॅबकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "बरं झालं," ते म्हणाले. "तुमचा त्रास वाचला."

तास संपेपर्यंत ते गुडघ्यांवर हात ठेवून स्टुलावर बसून राहिले. उठून जावं की बसावं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच सुमाराला फाटकावरचा माणूस नोकरी सोडून गेला होता. हेडसर शिक्षकांच्या बैठकीत म्हणाले, "मामा आता मोकळेच आहेत. त्यांना फाटकावर देऊ." बाई समोरच बसल्या होत्या. बोलण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलं नाही.

आणि खरं सांगायचं तर टॅबने बाईंना फार सुख दिलं. अकरा वर्षं त्या पडद्याजवळच्या चार फरशांवर उभ्या होत्या, आता त्या बाकांमधून चालायला लागल्या. शेवटच्या बाकावरची एक मुलगी प्रत्येक नकाशा किती सुंदर काढते, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. टॅबवर बोटाने नदीच्या वळणाभोवती गोल काढला की तोच गोल पडद्यावर उमटायचा. त्या टॅब मुलांच्या हातात द्यायच्या, "तू दाखव बघू, गाळ कुठे साचेल?" म्हणायच्या आणि जे पोर कधी तोंड उघडत नव्हतं तेही बोट टेकवायचं. वीस वर्षांच्या नोकरीत आपण इतकं चांगलं कधी शिकवलं नव्हतं, असं त्यांना वाटायचं आणि ते खोटं नव्हतं.

सकाळी फाटकातून आत येताना मामा भेटायचे. निळा सदरा, गळ्यात शिट्टी.

"काय मामा, बरं आहे ना?"

"साडेसात, बाई. अजून वेळ आहे."

बाई हसल्या. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "मामी कशा आहेत?" मामा म्हणाले, "हो हो, बंदच केलंय." बाईंनी हे शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. वर म्हणाल्या, "पुढेमामांची अजून एक स्लाइड मागेच आहे." सगळे पोट धरून हसले. नंतर कितीतरी दिवस ते वाक्य शाळेत फिरत होतं.

अपघात शाळा सुटताना झाला. एक बस आवारात वळून मागे मागे फाटकाकडे येत होती. मामा बसकडे पाठ करून फाटकाची अडकलेली कडी ओढत होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाई वरच्या मजल्यावर वर्गात टॅब चार्जिंगला लावत होत्या. हॉर्न त्यांनी ऐकला. पुन्हा वाजला. मग मुलांचा ओरडा, "मामा, मागे बघा! मामा!" आणि मग हॉर्न एकाएकी थांबला.

ड्रायव्हरला वाटलं, हॉर्न दिलाय, मागे कुणी असलं तर बाजूला होईल. त्याच्या आरशात मामा दिसतच नव्हते. बस आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये मामा सापडले.

दवाखान्यात बाई आणि हेडसर दोघं गेले. मामी नंतर आल्या. अंगाने बारीक, पदराला हात पुसत आल्या, म्हणजे हातातलं काम टाकून आल्या होत्या. कमरेचं हाड मोडलं होतं आणि पोटात मार होता. डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या.

"यांना ऐकू कधीपासून येत नाही?" त्यांनी विचारलं.

हेडसर म्हणाले, "नाही, नाही. ऐकू येतं त्यांना."

मामी खाली बघत म्हणाल्या, "दोन वर्षं होत आली. डावा कान पार गेलाय. उजव्यात थोडं येतं."

डॉक्टरीणबाई आत गेल्यावर बाई मामींच्या शेजारी बाकावर बसल्या.

"मामी, मला सांगायचं नाही का?"

"तुम्हालाच कसं सांगणार?" मामी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती दमणूक होती. "तुमचा एक शब्द ऐकायचा, एवढंच तर ह्यांचं काम. तोच ऐकू येत नाही म्हटल्यावर काय राहिलं? मी मशीन लावा म्हणून मागे लागले होते. म्हणायचे, मशीन दिसलं की स्टूल गेलं."

"मग इतके दिवस कसं जमवलं त्यांनी?"

"तुमच्याकडे बघून. बाई बोलणं संपलं की काठी खाली टेकतात, म्हणायचे. ओठ असे होतात, म्हणायचे. संध्याकाळी मला समोर बसवायचे. मी धडा वाचल्यासारखं काहीतरी बडबडायचं आणि मधेच पुढे म्हणायचं. कधी हळू, कधी तोंड फिरवून. त्यांनी बोट आपटायचं. दहातले आठ बरोबर यायचे. तुम्ही नकाशाकडे वळलात की मात्र चुकायचं. तोंडच दिसायचं नाही ना."

बाईंना नदीचा धडा आठवला. नकाशा भिंतीवर होता.

मामा चौथ्या दिवशी बोलण्याइतके सावरले. बाई शाळा सुटल्यावर रोज जायच्या. मामा स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसल्यामुळे इतक्या मोठ्याने बोलायचे की शेजारच्या खाटेवरचे पेशंट माना वळवायचे. बाईंचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचायचं नाही. पाचव्या दिवशी बाई टॅब घेऊन गेल्या. त्यावर बोटाने मोठ्ठ्या अक्षरात लिहून त्यांच्यापुढे धरला.

अर्जात मी लिहिलं होतं, तुमचं लक्ष नसतं. माझं चुकलं, मामा.

मामांनी ओठ हलवत ते सावकाश वाचलं.

"ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "फाटकावर पाठवलं तेव्हा हेडसरांनी वाचून दाखवलं होतं. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी कागदच मागून घेतला. म्हटलं, चष्मा आणतो, पुन्हा बघतो."

बाईंनी टॅब खाली घेतला.

"राग नाही आला, बाई. झोप काढतो म्हणतील, दारू पितो म्हणतील, काहीही म्हणतील, पण बहिरा म्हणणार नाहीत, असं वाटलं. अर्जाचं हिला नाही सांगितलं मी. तुम्हीही सांगू नका."

मग त्यांनी टॅबकडे बोट केलं. "यात आपली चित्रं आहेत?"

बाईंनी हिमनदीचा धडा काढला. मामांनी स्वतः बोट सरकवून बघितलं. त्यांचं बोट इतकं कोरडं, खरखरीत झालं होतं की काचेला ते कळतच नव्हतं. दोनदा, तीनदा सरकवलं, चित्र हललं नाही.

"घ्या," मामा म्हणाले, "याला माझी ओळख नाही."

मग बाई खाटेच्या कडेला बसून एकेक चित्र दाखवत राहिल्या. मामांचं बघून झालं की ते जरासे मान हलवायचे. एका चित्रावर ते थांबले.

"ही स्लाइड इथे नव्हती. दरीच्या नंतर होती. क्रम बदललात तुम्ही."

बाईंनी बदलला होता, टॅब आल्यावर. वर्गातल्या एकाही मुलाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी मामा गेले. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. शाळेला एक दिवस सुट्टी दिली. मुलांनी फाटकाजवळ फुलं ठेवली.

महिन्याभराने हेडसरांनी बाईंना बोलावलं. अपघाताचा अहवाल तयार होता, शिक्षकांच्या वतीने एक सही हवी होती. बाई उभ्या उभ्या वाचत गेल्या आणि तिसऱ्या पानावर थांबल्या. तिथे लिहिलं होतं : सदर कर्मचाऱ्याचे कामात लक्ष नसल्याची लेखी तक्रार यापूर्वीही आलेली होती.

"सर, हे काढा."

"का काढू?" हेडसर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, मामांच्या घरी ते दोनदा जाऊन आले होते. "मी पदरचं काही घातलेलं नाही. तुमचाच कागद आहे."

"तो खोटा आहे."

"बाई, गेलेला माणूस आता काही परत येत नाही. बस मागे घेताना आपण तिथे दुसरा माणूस ठेवला नव्हता, हे बाहेर आलं तर शाळेवर येईल. त्या ड्रायव्हरवर येईल. त्यालाही पोरंबाळं आहेत."

"म्हणून मामांवर ढकलायचं?"

हेडसरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लिहून द्या. चौकशी समितीपुढे ठेवतो."

बाईंनी चार पानं लिहून दिली. मामा वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त लक्ष देऊन बसत होते, हे लिहिलं. काठीचं लिहिलं, ओठांचं लिहिलं. घरी चालायचा तो सराव लिहिला. आपण रागाच्या भरात काय लिहिलं आणि ते फाटकापर्यंत कसं पोहोचलं, तेही लिहिलं. घरी नवरा म्हणाला, "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?" बाई म्हणाल्या, "पडू दे."

समितीचे तिघं जण एका लांब टेबलामागे बसले होते. त्यातल्या एका वयस्कर बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "अकरा वर्षं रोज त्यांच्याबरोबर काम केलंत आणि तुम्हाला कळलं नाही?"

"नाही कळलं."

"कळलं नाही, की कळून घेतलं नाही?"

फाटकावरचा तो साडेसात, ते "बंदच केलंय", शिक्षकांच्या खोलीतलं हसू, सगळं बाईंच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"कळून घेतलं नाही," त्या म्हणाल्या.

ते वाक्य अहवालातून निघालं. बस मागे घेताना शाळेने माणूस ठेवला नव्हता, हे आत आलं. मामांचा दोष नव्हता, असं एका ओळीत स्पष्ट लिहिलं गेलं. पुरेशी खातरजमा न करता तक्रार केली म्हणून बाईंना लेखी समज मिळाली आणि ती त्यांनी मुकाट्याने घेतली. ड्रायव्हरची नोकरी गेली. एकदा तो रस्त्यात समोरून आला आणि बाईंना बघून पलीकडच्या बाजूला गेला.

अहवालाची प्रत घेऊन बाई पुन्हा मामींकडे गेल्या; मामा गेल्यापासूनची ही तिसरी खेप. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. मामींनी पाणी दिलं. कागद हातात घेऊन उभ्यानेच वाचला. वाचायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी बाईंना वाचून दाखवा म्हटलं नाही.

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. कागदाची घडी घालून त्यांनी तो कपाटात साड्यांखाली ठेवला.

बाईंना रडू आवरेना. "मामी, मी एकदा विचारलं असतं तर... नुसतं विचारलं असतं, मामा, काय होतंय..."

मामी जवळ आल्या. त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला, पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला. बाई शांत होईपर्यंत थांबल्या. मग समोर बसून म्हणाल्या, "बाई, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना."

"तुम्ही आता येऊ नका. माझा राग नाही तुमच्यावर. असता तर बरं झालं असतं, दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. पण तुम्ही आलात की तुम्हाला रडू येतं आणि मग मला तुमची समजूत काढावी लागते. मागच्या वेळी तेच, त्याच्या मागच्या वेळी तेच. माझ्याच्याने आता होत नाही ते."

बाईंनी मान हलवली. पर्स उचलली, दाराशी चपला घातल्या. मामी जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "सांभाळून उतरा, तिसरी पायरी तुटलीय." बाई खालच्या वळणावर पोहोचल्या तेव्हा वर शिवणयंत्र सुरू झालेलं त्यांनी ऐकलं.

त्या पुन्हा गेल्या नाहीत. मामी रस्त्यात कधी भेटल्या तर दोघी थांबायच्या, हवापाण्याचं बोलायच्या आणि आपापल्या वाटेने जायच्या.